छोट्या स्पोर्ट्स कारवर कयाक कशी न्यावी? (नाशिक)

उघडा_टप
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसून झालं की उत्तर द्या.

गाडी: सॅन स्टॉर्म. दोन सीट, कापडी टप, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन. सिग्नलला अजून लोक विचारतात, "कुठली हो, फॉरेनची?" आपल्याकडचीच आहे म्हटलं की विश्वास ठेवत नाहीत. आधीच्या मालकाने सीटांच्या मागे जाड पाइपची कमान बसवून घेतलेली आहे, ती चांगली घट्ट आहे.

होडी: १२ फुटी कयाक, पॉलिथिनची, वर बसून वल्हवायची. वजन २७ किलो. मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली. आली टेम्पोतून आणि तेव्हापासून पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. सोसायटीतली पोरं तिच्यावर घसरगुंडी खेळतात.

जायचंय कॉलेज रोडवरून गंगापूर धरणाच्या फुगवट्याला. एका मित्राचं शेत पाण्याला लागून आहे, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरचा मामला. गाडी साडेतीन मीटरच्या आसपास, होडी ३.६६ मीटर. आणि गाडीला छतच नाही, हा खरा घोळ.

घरात वॅगनआर आहे. तिच्यावर कयाक सहज जाते हे मला माहीत आहे. कृपया ते सुचवू नये. पहाटे टप खाली टाकून गंगापूर रोडने जायचं आणि सात वाजता पाण्यात असायचं, ही दोन सुखं मला एकाच सकाळी हवी आहेत.

तर्रीबाज
वॅगनआर.

पुणेकर_तात्पुरता
छोटा हत्ती सांगा, हजारभर रुपयांत होडी जाईल, तुम्ही पुढे टप उघडून जा. लग्नाच्या वरातीसारखं दिसेल, पण नाशकात खपून जाईल.

उघडा_टप
@तर्रीबाज, अपेक्षित होतं. पंधरा मिनिटं लागतील वाटलं होतं, तुम्ही चार मिनिटांत आलात.

अंबडचा_फिटर
साहेब, फॅब्रिकेशनमध्ये बावीस वर्षं झाली, होडीचं काम कधी आलं नाही, पण शिड्या, पाइप, पत्रे सगळं गाड्यांवर बांधून दिलंय. आधी काय करू नका ते सांगतो.

टपाच्या काड्यांवर काही ठेवू नका. त्या कापड ताणायला असतात, वजन घ्यायला नाही. पुढच्या काचेच्या चौकटीवरही नको. वरून दाब आला तर एकवेळ सोसेल, पण होडी डावी-उजवी हलली की चौकट पिळवटते आणि काच कोपऱ्यातून तडकते. या गाडीची काच आता कुठून आणणार? डिकीला पट्ट्याने अडकवायचे सायकलचे स्टँड मिळतात, तेही विसरा. पत्र्याच्या डिकीला ते चालतात, फायबरच्या कडेला हुक लावला की कड कचकन तुटते.

वजन शेवटी लोखंडातच उतरलं पाहिजे. लोखंड तुमच्याकडे दोन ठिकाणी आहे. मागे कमान, पुढे बंपरच्या आत गाडी ओढायचा हुक जिथे लागतो तो चेसिसचा भाग. मागच्या कमानीवर दोन क्लॅम्प आणि आडवा पाइप. पुढे उभा आधार, पण एका पायावर उभा करू नका, पहिल्याच खड्ड्यात नाचायला लागेल. रंगाऱ्याच्या घोडीसारखे खाली फाकलेले दोन पाय करा, वर आडवा पाइप. सव्वा इंची एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप पुरे. चार बोल्ट काढले की घोडी सुटली पाहिजे. होडी जिथे टेकते तिथे रबर.

आणि सगळं डावीकडे सरकवा. ड्रायव्हरच्या डोक्यावर होडी आली तर टप उघडून उपयोग काय?

उघडा_टप
दादा, शेवटच्या वाक्याला दंडवत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे डावी सीट होडीच्या सावलीत आणि उजवी आभाळाखाली!

हवाबाज
बॉनेटवर आणि डिकीवर व्हॅक्यूमचे कप लावून चालणार नाही का, असा प्रश्न कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच हिशोब मांडतो. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर. समुद्रसपाटीला आत पूर्ण पोकळी केली तर कागदावर १८० किलोची पकड. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचा दाब साधारण सहा-सात टक्के कमी, म्हणजे १७० किलो. ऐकायला भरपूर. पण ही पकड गुळगुळीत, स्वच्छ, ताठ पृष्ठभागावरची. जुन्या फायबरवरच्या रंगाला केसासारख्या चिरा असतात, तिथून हवा हळूहळू आत जाते. शिवाय कप सुटला नाही तरी खालचं पॅनल लवतं. कप घट्ट आणि बॉनेट वर आलेलं, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. (लोहचुंबकाचे स्टँड तर फायबरला चिकटणारच नाहीत.)

आता वाऱ्याचं. समोरून येणाऱ्या वाऱ्याला सगळे घाबरतात, पण सरळ बांधलेल्या कयाकला ताशी ८० वेगात समोरून फार तर दोन-तीन किलोचा रेटा बसतो. तिचा आकारच पाणी कापायचा आहे, तो हवाही कापतो. त्रास दोन ठिकाणी आहे. एक, बाजूने. साडेतीन मीटर लांब आणि फूटभर उंच अशी ती एक भिंतच आहे, ताशी ५० किलोमीटरचा आडवा झोत आला की १४-१५ किलोचा धक्का बसतो. दोन, ब्रेक. करकचून ब्रेक मारला की २७ किलोची होडी वीस-बावीस किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते, आणि आडवे पट्टे तिला फक्त घर्षणाने धरून असतात. म्हणून नाकापासून आणि शेपटीपासून गाडीच्या टोकांना वेगळी दोरी हवीच.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी ४० ने गेलात तर पावपट. गंगापूर रोडवर सकाळी सहालाही स्पीडब्रेकर ८० होऊ देत नाहीत, हे एक बरं आहे.

रानजाई
वरच्या प्रतिसादाला +१, आणि त्या नाकाच्या दोरीबद्दल एक. ती सैल झाली की लोंबते, आणि लोंबली की पुढच्या चाकाखाली जाते. चाक दोरी ओढून घेतं आणि होडीचं नाक खाली खेचलं जातं, हे सगळं एका सेकंदात. मी कोकणात एका मित्राच्या जीपवर हे होताना पाहिलंय. होडीचं नाक पिचलं आणि बॉनेटला खड्डा पडला. उरलेली दोरी पट्ट्याखाली खोचून ठेवा आणि दोरी नेहमी तुमच्या नजरेसमोर येईल अशी बांधा. तीन किलोमीटरवर एकदा थांबून सगळं हाताने ओढून बघायचं. नवा पट्टा पहिल्या काही मिनिटांत बसतो, म्हणजे सैल होतो.

द्राक्षवाला_पिंपळगाव
आम्ही पिकअपमध्ये द्राक्षांचे कॅरेट सहा-सात थर बांधून नेतो. घड दबला नाही पाहिजे आणि कॅरेट हलला नाही पाहिजे, त्यामुळे या विषयात थोडं बोलायचा अधिकार घेतो.

रॅचेटचा पट्टा नको. कट-कट-कट करत माणूस थांबतच नाही, एक दात अजून, एक दात अजून. ट्रकमध्ये लोखंड बांधायला ते ठीक, प्लॅस्टिकची होडी आत दबेल. नुसत्या बकलचा, हाताने ओढायचा पट्टा घ्या. हाताच्या जोराने जेवढा बसेल तेवढाच पुरे.

दोरीला ट्रकवाल्यांची गाठ. दोरीच्या मध्यात एक फास करायचा, मोकळं टोक हुकातून घालून वर आणायचं, फासातून ओवून खाली खेचायचं. फास कप्पीसारखं काम करतो, एका माणसाच्या ओढीत दोघांचा जोर येतो. वर दोन अर्ध्या गाठी. सुटते पण एका झटक्यात. हाटेलसमोर उभा असलेला कुठलाही क्लीनर दोन मिनिटांत शिकवेल, चहा पाजावा लागतो.

कायदेकानू
रंगाचा बेरंग करायला आलो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ (१-अ) वाचून घ्या, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. ट्रकसाठी असेल असं वाटतं, पण शब्द 'मोटार वाहन' असा आहे. तुमची होडी गाडीपेक्षा वीतभर लांब आहे. शेपटीला लाल फडकं बांधा, पण फडकं म्हणजे परवाना नव्हे.

दुसरं, पुढच्या घोडीबद्दल. बुलबारवर (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी गार्डवर) २०१७ च्या अखेरीस केंद्राने मनाई केलीय, कारण धडकेत पायी माणसाला ते जास्त मारतात. तुमची घोडी बंपरच्या पुढे आलेली दिसली तर कुणालाही बुलबारच वाटणार. ती बंपरच्या मागून वर यायला हवी आणि होडी नसताना निघालेली असायला हवी. चार बोल्टचा सल्ला या कारणासाठी सोन्यासारखा आहे. ट्रेलर सुचवणाऱ्यांसाठी: ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते.

तर्रीबाज
म्हणजे वॅगनआर.

घडीची_होडी
मला एक कळत नाही. गाडी बदलायची नाही हे मान्य. मग होडी का बदलत नाही?

ही अडचण सव्वाशे वर्षं जुनी आहे. म्युनिकचा एक विद्यार्थी, आल्फ्रेड हॉयरिश, याला नदीवर जायचं होतं आणि जायचं साधन होतं आगगाडी. डब्यात कयाक कोण घेऊ देणार? त्याने १९०५ मध्ये बांबूच्या काठ्यांचा सांगाडा आणि वर कापड अशी सुटी होणारी कयाक केली. १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेतले आणि ती पिशवीत घालून विकायला काढली. होडी आणि शिंपी, काय जोडी आहे! घडीची म्हणजे लेचीपेची असंही नाही. १९५६ मध्ये हानेस लिंडेमान नावाचा डॉक्टर क्लेपरच्याच घडीच्या होडीतून एकट्याने अटलांटिक पार करून गेला, ७२ दिवसांत.

आता तर हवा भरायच्या कयाक मिळतात, तळाला आतून हजारो धाग्यांनी जोडलेले दोन थर असतात, त्यामुळे हवा भरली की फळीसारख्या ताठ होतात. डाव्या सीटवर पिशवी ठेवा, बेल्ट लावा, निघा. ना घोडी, ना फडकं, ना कलम.

उघडा_टप
पटतंय, आणि म्हणूनच राग येतोय. पण ही होडी घेऊन झालीय आणि घरी "आता आणखी एक होडी घेतो" हे वाक्य उच्चारायची माझी प्राज्ञा नाही.

सायखेड्याची_गोदा
अवांतर: रिओ ऑलिंपिकला (२०१६) सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आलेला दत्तू भोकनळ आपल्याच चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. त्या शर्यतीची होडी आठ मीटरच्या वर लांब असते, आणि नियमाने किमान वजन फक्त १४ किलो. म्हणजे उघडा_टप यांच्या होडीच्या दुपटीहून लांब आणि वजनाला निम्मी. त्या होड्या उलट्या करून, रांगेने, खास ट्रेलरवर नेतात. तेव्हा रडू नका, तुमचं सोपं आहे.

नांदूरमध्यमेश्वरला न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, ते अभयारण्य आहे. पक्ष्यांना काठावरूनच बघा.

रानजाई
आणि गंगापूरलाही मित्राचं शेत काठावर आहे म्हणजे पाणी मित्राचं नाही. शहर ते पाणी पितं. आधी जलसंपदाकडे चौकशी, मग होडी. लाइफ जॅकेट अंगात, डिकीत नव्हे. पावसाळ्यात तर नावच नको. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलेलं पेपरात दिसलं की वल्हं माळ्यावर टाकायचं.

उघडा_टप
धागा वर काढतोय. सात आठवडे झाले.

चौकशी झाली, होकार मिळाला, काठाजवळच राहायच्या अटीवर. घोडी झाली. अंबडच्या दादांनी व्यक्तिगत निरोपात नकाशा काढून दिला, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. बोल्ट चारच. रबर म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे. होडी तिरकी, एक कड खाली, डाव्या बाजूला. गाडीच्या रुंदीच्या बाहेर कुठेही नाही, मागे मात्र वीतभर आहे, तिथे लाल फडकं. ते वीतभर टोचतंय, कायदेकानू, तुमचं म्हणणं विसरलेलो नाही.

एकट्याने चढवायची युक्ती सांगतो, कुणाच्या कामी येईल. आधी नाक मागच्या पाइपवर टेकवायचं, मग शेपूट उचलून पुढे ढकलत नाक घोडीवर आणायचं. म्हणजे एका वेळी निम्मंच वजन हातात येतं. मागच्या पाइपवर जुनी सतरंजी टाकली की होडी छान सरकते. पहिल्या दिवशी मी सगळी एकदम डोक्यावर उचलायला गेलो होतो. त्याबद्दल जास्त बोलत नाही, कंबर अजून बोलते.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. जेहान सर्कलला दूधवाला शेजारी येऊन थांबला, होडीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, म्हणाला, "ओझरला चाललं का, साहेब?" मला आधी कळलंच नाही. त्याला ते विमानाचं पार्ट वाटलं होतं, कारखान्यात चाललेलं.

आनंदवलीच्या पुढे वेग पन्नासवर गेला आणि हूंऽऽ असा आवाज सुरू झाला. आधी वाटलं बेअरिंग गेलं. वेग कमी केला की आवाज खाली, वाढवला की वर, अगदी सनईच्या सुरासारखा. थांबून बघतो तर पुढचा पट्टा वाऱ्यात थरथरत होता. त्याच्यावर बोट ठेवलं तर बोट झिणझिणलं.

द्राक्षवाला_पिंपळगाव
पट्ट्याला एक पीळ द्या ना. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, पिळाचा नाही.

उघडा_टप
तेच केलं. होडीच्या वरून जाताना दोन्ही बाजूंना एकेक पीळ, आवाज बंद. हे मला तिथे रस्त्याकडेला थांबलेल्या भाजीच्या टेम्पोवाल्याने सांगितलं, मीटिंगला उशीर झाल्यासारख्या घाईत.

बाकी प्रवास काय सांगू. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळी होडी, वर फटफटणारं आभाळ, बागांमधून येणारी गार हवा. डावा आरसा मात्र अर्धा झाकला जातो, वळताना मान मोडून बघावं लागतं. हा दोष मोठा आहे आणि अजून सुटलेला नाही. सहा पस्तीसला पोचलो, सातला पाण्यात.

आणि परत येताना गोंधळ. साडेनऊला होडी गाडीवर बांधून ठेवली आणि मित्राकडे मिसळ खात बसलो. तासाभराने येतो तर तळाला दोन वाट्यांएवढे खड्डे, बरोबर दोन्ही पाइपांवर. ऊन एप्रिलचं, पट्टे घट्ट, प्लॅस्टिक मऊ. पाणी आल्यासारखं झालं डोळ्यांत.

हवाबाज
घाबरू नका, पॉलिथिनची स्मृती चांगली असते. पट्टे सोडा, होडी उन्हात पालथी घाला, गरम झाली की आतून हाताने किंवा कापडात गुंडाळलेल्या लाकडाने दाबा. नाही आलं तर खड्ड्यावर गरम पाणी. हीट गन (गरम हवेची बंदूक) अजिबात नको. आणि ठेवताना कडेवर ठेवा, पाठीवर नको.

उघडा_टप
एक खड्डा पूर्ण गेला, दुसऱ्याचा बशीएवढा उथळ खळगा राहिलाय. दोन बादल्या गरम पाणी, मदतीला सोसायटीची पोरं. पाण्यात काही फरक जाणवत नाही. आता रबराऐवजी हातभर रुंदीचे फोमचे गादले करतोय, वजन पसरेल.

अंबडचा_फिटर
पाइपवर लाकडी खोबण बसवू साहेब, होडीच्या पोटाच्या आकाराची. वर फोम. आरशाचं म्हणाल तर होडी चार इंच वर घेतली की आरसा मोकळा होईल. घोडीचे पाय वाढवावे लागतील. या कधीही.

पुणेकर_तात्पुरता
एकूण खर्च किती झाला? छोटा हत्तीच्या किती फेऱ्या बसल्या असत्या त्यात?

उघडा_टप
हा आकडा घरातल्या कुणी हा धागा वाचत असेल म्हणून लिहीत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. रस्त्यावरचे सोळा किलोमीटर सोपे. एप्रिलमध्ये पाणी मागे गेलेलं असतं. जिथे गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत अडीचशे पावलं, भेगाळलेली जमीन, मग चिखल. तिथे गाडी उपयोगाची नाही, घोडी नाही, कुणाची गाठही नाही. होडी ओढत नेली तर तळ खरवडतो. दोन चाकांची छोटी गाडी करायचा विचार आहे, होडीच्या शेपटीखाली बांधायची. चाकं रुंद हवीत, चिखलात न रुतणारी. कुणाकडे जुन्या बाबागाडीची चाकं पडून आहेत का?

तर्रीबाज
आहेत. पोरगी आता सातवीत आहे, बाबागाडी माळ्यावरच होती. चाकं हवेची आहेत, रुंद आहेत. सिडकोत येऊन घेऊन जा. सांगाड्यासकट मोठी होते, तुमच्या त्या गाडीत मावायची नाही. वॅगनआर आणा.